रायफलचा ‘झिरो’ नेमका कुणाचा? रिकॉइल रेस्टवर विसंबण्याआधी हे समजून घ्या

माझा इंजिनीअरिंगचा एक वर्गमित्र अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात नोकरी करतो. तिथे नोव्हेंबरच्या अखेरीस रायफलने हरणांची शिकार करण्याचा हंगाम सुरू होतो. वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा हंगामाचा पहिला दिवस असायचा, २०१९ पासून तो त्याआधीच्या शनिवारवर आला. ऑफिसातल्या सहकाऱ्यांसोबत यंदा पहिल्यांदाच जायचं म्हणून मित्राने परवाना काढला, रायफल घेतली आणि ऑक्टोबरमध्ये एका रविवारी ती ‘साइट-इन’ करायला रेंजवर गेला.

त्या दिवशी त्याने मला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन फोटो पाठवले. पहिल्या फोटोत कागदी टार्गेटवर तीन भोकं जवळजवळ एकमेकांना चिकटलेली. खाली मेसेज : ‘अगं, तिन्ही गोळ्या एका इंचाच्या आत! झालं काम.’

तासाभराने दुसरा फोटो आला. त्यातली भोकं सहा इंचांत विखुरलेली आणि सगळी मिळून मध्यापासून अडीच इंच खाली. मेसेज फक्त एका शब्दाचा : ‘कसं?’

रायफल तीच होती. काडतुसं त्याच डब्यातली. अंतर तेच, १०० यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. बदललं होतं एकच. पहिल्या वेळी रायफल शिशाच्या पिशव्या लादलेल्या एका लोखंडी चौकटीत बसवलेली होती. दुसऱ्या वेळी ती त्याच्या खांद्याला होती.

या चौकटीला म्हणतात रिकॉइल कमी करणारा रेस्ट. अमेरिकेत ‘लेड स्लेड’ या नावाचा रेस्ट फार प्रसिद्ध आहे आणि बरेच जण तसल्या सगळ्याच उपकरणांना त्याच नावाने ओळखतात. हे उपकरण चांगलं की वाईट, यावर तिथल्या नेमबाजांमध्ये दोन तट आहेत. माझं मत सुरुवातीलाच सांगते : उपकरण चांगलं आहे, पण त्याने दिलेलं उत्तर अर्धं असतं. अर्धं उत्तर पूर्ण समजून रानात जाणं ही गंभीर चूक आहे.

(भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. त्यामुळे हा विषय मुख्यतः अमेरिकेसारख्या देशांतला. पण तिथे राहणारे, परवाना काढणारे मराठी लोक आहेत, आणि यातलं विज्ञान तर सगळीकडे सारखंच आहे.)

‘झिरो’ करणं म्हणजे काय?

अकरावीच्या फिजिक्स लॅबमधला व्हर्नियर कॅलिपर आठवतोय? मोजमाप घेण्याआधी सर विचारायचे, ‘झिरो एरर पाहिलास का?’ जबडे पूर्ण मिटले असताना काटा शून्यावर नसेल, तर पुढची सगळी मापं चुकणार.

रायफलचंही तसंच. स्कोपमधून तुम्ही जिथे पाहता आणि गोळी जिथे लागते, त्या दोन जागा ठरावीक अंतरावर एकत्र आणणं म्हणजे झिरो करणं. आधी २५ यार्डांवर गोळी निदान कागदावर तरी पडते का ते पाहतात. मग १०० यार्डांवर एकाच बिंदूवर नेम धरून तीन ते पाच गोळ्या झाडतात. जी भोकं पडतात त्याला ‘ग्रुप’ म्हणतात. ग्रुपचा मध्य नेमापासून किती लांब आहे ते मोजायचं आणि स्कोपची गोल बटणं तेवढी फिरवायची. बहुतेक शिकारी स्कोपवर एक ‘क्लिक’ म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच, सुमारे ७ मिलिमीटर.

इथे दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात, हे लक्षात ठेवा. ग्रुप किती लहान, यावरून सातत्य कळतं. ग्रुप कुठे, यावरून झिरो कळतो. रेस्टचा गोंधळ या दोन्हींत आहे.

धक्का बसतो तरी किती?

.३०-०६ हे अमेरिकेतलं जुनं, लोकप्रिय शिकारी काडतूस. त्याची ढोबळ आकडेमोड करून पाहू.

गोळीचं वजन सुमारे ११.७ ग्रॅम, वेग सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास. तिच्यामागून साडेतीन ग्रॅमहून थोड्या जास्त दारूचा जळालेला वायू त्याहूनही जास्त वेगाने बाहेर पडतो. दोन्हींचा संवेग धरला तर बेरीज साधारण १४.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे तेवढाच संवेग रायफलला उलट दिशेने मिळतो.

रायफल ३.६ किलोची धरली, तर ती सेकंदाला ४ मीटरहून थोड्या जास्त वेगाने मागे येते. ऊर्जा होते ३० जूलच्या आसपास. सोप्या भाषेत, साडेतीन किलोची वस्तू कमरेच्या जरा खालच्या उंचीवरून तुमच्या खांद्यावर पडली तर जो दणका बसेल, तेवढा.

एकदा बसला तर काही वाटत नाही. पण साइट-इन करताना १५-२० गोळ्या सहज होतात. त्यातही टेबलाशी बसून गोळी झाडताना धक्का जास्त लागतो. उभं असताना अख्खं शरीर मागे डोलतं. टेबलावर कोपरं टेकलेली, छाती पुढे, अंग अडकलेलं. सगळा मार खांद्याला.

तुलनेसाठी आपल्याकडचं उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात .२२ ची रायफल असते. गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला ३३० मीटरच्या घरात आणि रायफल भरपूर जड. तिच्या रिकॉइलची ऊर्जा एका जूलच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. म्हणजे .३०-०६ चा दणका तिच्या शेकडो पट.

रेस्ट नेमकं काय करतो?

या उपकरणात फारसं गूढ नाही. पुढे नळीखालचा भाग टेकायला आधार, मागे दस्ता बसवायला एक कप आणि खाली वजन ठेवायचा ट्रे. ट्रेमध्ये शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या ठेवतात. तिथे ही पिशवी २५ पौंडांची, म्हणजे ११.३ किलोची मिळते. काही जण व्यायामाच्या वजनाच्या प्लेट किंवा वाळूच्या पिशव्या ठेवतात.

आता गणित पुन्हा करा. चौकट आणि वजन मिळून २० किलो धरलं, तर रायफलसह एकूण वजन साडेतेवीस किलोच्या वर जातं. संवेग तेवढाच राहतो, पण वेग सेकंदाला ०.६ मीटरवर येतो आणि ऊर्जा ५ जूलच्या आत. म्हणजे साधारण ८५ टक्के घट. चार पिशव्या लादल्या, तर घट ९४ टक्क्यांच्या आसपास जाते.

म्हणून जाहिरातींतले मोठमोठे आकडे खोटे नसतात. खांद्याला लागणारा धक्का खरोखर कमी होतो. ज्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, जे वयस्कर आहेत, शरीराने बारीक आहेत किंवा नुकतंच शिकायला लागलेत, त्यांच्यासाठी हे वरदान आहे.

दुसरा फायदा याहून मोठा. धक्का नसला की माणूस दचकत नाही. माणूस दचकला नाही की कागदावर दिसते ती फक्त रायफलची, स्कोपची आणि काडतुसाची कामगिरी. स्कोपचे स्क्रू सैल आहेत का, हे काडतूस या नळीला मानवतंय का, या प्रश्नांचं स्वच्छ उत्तर मिळतं. इंजिनीअरिंगच्या भाषेत, एक व्हेरिएबल बाजूला काढून चाचणी घेतली.

पण ते बाजूला काढलेलं व्हेरिएबल म्हणजे तुम्ही स्वतः. आणि रानात रायफल तुम्ही धरणार आहात, चौकट नाही.

मग अडचण कुठे येते?

तीन ठिकाणी.

पहिली : गोळी लागण्याची जागा सरकू शकते. गोळी बाहेर पडल्यावर रायफल मागे येते, असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. गोळी नळीत पुढे सरकायला लागली की त्याच क्षणी रायफल मागे सरकायला लागते. गोळी नळीत असते तो काळ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाचा. वरच्या उदाहरणात तेवढ्या वेळात मोकळी रायफल दोन मिलिमीटरच्या आसपास मागे येते. दस्ता नळीच्या रेषेपेक्षा खाली असल्याने ती नुसती मागे येत नाही, तिचं तोंड किंचित वरही उचललं जातं.

आता ही हालचाल किती होईल, हे रायफल कशाला टेकली आहे यावर ठरतं. खांदा मऊ असतो, चौकट कडक. खांद्यावर तोंड जितकं उचललं जातं, तितकंच चौकटीत उचललं जाईल याची खात्री नाही. गोळी बाहेर पडताना कोनात केसाएवढा फरक पडला, तरी १०० यार्डांवर तो इंचात दिसतो. एका ‘मिनिट’ कोनाचा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाचा फरक तिथे सुमारे २.७ सेंटिमीटरचा होतो. काही रायफलींत हा बदल जाणवतही नाही, काहींत चांगलाच जाणवतो. तुमची कुठली, हे गोळ्या झाडल्याशिवाय कळत नाही.

दुसरी : धक्का गायब होत नाही, तो दुसरीकडे जातो. खांद्यावर रायफल दोन-तीन सेंटिमीटर अंतरात हळूहळू थांबते. ३० जूल ऊर्जा ३ सेंटिमीटरमध्ये जिरली, तर सरासरी बल होतं १,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोचा भार. चौकट इतकी जड केली की ती हलतच नाही आणि रायफल ३ मिलिमीटरमध्ये थांबली, तर तेच बल दहा पट होतं. म्हणजे एक टनाच्या आसपास.

हे सगळं बल कुठून जाणार? दस्त्यातून. मागे लोखंडी कप आणि पुढे नळीचा दणका, मध्ये लाकूड. ऐरण आणि हातोडा यांच्यामध्ये सापडल्यासारखं. मोठ्या काडतुसांच्या, हलक्या लाकडी दस्त्याच्या रायफली अशा चौकटीत तडकल्याच्या तक्रारी तिथले नेमबाज करतात, आणि आकडे पाहिले की त्यात आश्चर्य वाटत नाही.

स्कोपलाही त्रास होतो. गोळी सुटताना त्याला मागच्या दिशेने हिसका बसतोच, त्यासाठी तो बनवलेलाच असतो. पण रायफल एकदम थांबली की उलट दिशेचा दुसरा हिसका बसतो. खांद्यावर हा दुसरा हिसका सौम्य असतो. उलट्या हिसक्याचं महत्त्व कळण्यासाठी स्प्रिंगच्या एअरगनचं उदाहरण पुरेसं आहे. जत्रेत फुगे फोडायला जी बंदूक देतात, त्याच जातीची. तिला रिकॉइल जेमतेम, पण पिस्टन पुढे जाऊन आपटल्यामुळे हिसका दोन्ही दिशांनी बसतो. मोठ्या रायफलीवर वर्षानुवर्षं टिकणारा स्कोप ताकदीच्या स्प्रिंग एअरगनवर बिघडू शकतो. म्हणूनच एअरगनसाठी खास मजबूत केलेले स्कोप विकले जातात.

यातून निघणारा नियम साधा आहे : रेस्टला थोडं मागे सरकू द्या. एखादी पिशवी पुरते. चार पिशव्या लादून, वर चौकट टेबलाला पट्ट्याने बांधून टाकणं म्हणजे खांदा वाचवून रायफल मोडणं.

तिसरी : दचकण्याची सवय तशीच राहते. माझ्या मते ही सगळ्यात मोठी अडचण, कारण ती कागदावर दिसत नाही.

दचकणं म्हणजे काय, हे मला कसं कळलं

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी एनसीसीत होते. कॅम्पमध्ये .२२ चं फायरिंग होतं. पालथं झोपून, पाच गोळ्या. माझा समज होता की मी अजिबात घाबरत नाही. पहिल्या दोन गोळ्या गेल्या. तिसऱ्या वेळी चाप ओढला, तर नुसतं ‘टिक’. काडतूस फुसकं निघालं.

मागे उभ्या असलेल्या उस्तादांनी विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘गोळी सुटली नाही.’ ते म्हणाले, ‘ते माहितीय. पण गोळी सुटली नाही तर नळी खाली का गेली?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोळी सुटलीच नव्हती, म्हणजे धक्का नव्हता, आवाज नव्हता. तरीही नळीचं तोंड चांगलं खाली झुकलं होतं. माझं शरीर आवाज येणार हे गृहीत धरून आधीच रायफल ढकलत होतं. ज्या .२२ चा धक्का नगण्य म्हणून मी वर सांगितलं, तिच्यावर ही गत. मग .३०-०६ वर काय होत असेल!

यालाच इंग्रजीत फ्लिंच म्हणतात. ते भित्रेपणाचं लक्षण नाही. डोळ्यासमोर हात आला की पापणी मिटते, तसंच हे. फरक इतकाच की प्रत्येक गोळीला ते थोडं थोडं पक्कं होत जातं आणि माणसाला स्वतःला कळत नाही, कारण खरी गोळी सुटली की धक्क्याच्या गोंधळात ती हालचाल लपून जाते.

रिकॉइल रेस्ट हे दचकणं झाकतो. धक्काच नाही तर शरीर शांत राहतं, ग्रुप सुंदर येतो, माणूस खूश होतो. खांद्याला रायफल लावली की जुनं शरीर परत येतं. वर मोठ्या रायफलचा आवाज १५० डेसिबलच्या पुढे असतो, त्यावर रेस्टचा काहीच इलाज नाही. अनेकांना दचकवतो तो धक्का नव्हे, आवाजच.

माझ्या मित्राच्या दुसऱ्या कागदावरचे ते अडीच इंच कशामुळे? किती वाटा जागा सरकण्याचा आणि किती दचकण्याचा, हे एका कागदावरून सांगता येत नाही. पण सहा इंचांचा विखार मात्र रायफलचा नव्हता, कारण त्याच रायफलने तासाभरापूर्वी इंचाच्या आत गोळ्या घातल्या होत्या. तो विखार त्याचा होता. ही माहिती त्याला मिळाली हे रेस्टचं श्रेय. ती रानात जाण्याआधी मिळाली, हे मात्र रेंजवर देखरेख करणाऱ्या एका वयस्कर स्वयंसेवकाचं. पहिला कागद पाहून त्यांनी कौतुक केलं आणि म्हणाले, ‘आता ते लोखंड बाजूला ठेव आणि खांद्यावरून झाड.’

‘खांदा सुजला तरच खरा नेमबाज’?

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांबद्दल. प्रत्येक रेंजवर असे काही जण असतात, ज्यांना रेस्ट म्हणजे दुबळेपणा वाटतो. संध्याकाळी काळानिळा खांदा दाखवणं ही त्यांची शान. आपल्याकडे जिममध्ये पहिल्याच दिवशी ताकदीबाहेरचं वजन उचलणारे असतात, त्यातलाच प्रकार.

हे मला पटत नाही, आणि कारण भावनिक नाही. टेबलाशी बसून, अंग अडकवून २० गोळ्यांचा मार खाल्ल्याने सहनशक्ती वाढत नाही, दचकणं वाढतं. पाचव्या गोळीनंतर ग्रुप मोठा होत जातो, माणूस त्या बिघडलेल्या ग्रुपवरून स्कोपची बटणं फिरवत बसतो आणि काडतुसांचा अख्खा डबा संपतो. सुरुवातीला जो झिरो जवळपास बरोबर होता, तोही जातो.

नवशिक्याला, त्यातही बायका-मुलांना मुद्दाम मोठी रायफल देऊन मजा बघणारे लोक तर या खेळाचं सर्वांत जास्त नुकसान करतात. एका दणक्यात माणूस आयुष्यभरासाठी रेंजपासून दूर जातो.

चॅम्पियन काय करतात?

ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारात रेस्ट चालत नाही. पालथं झोपून आणि गुडघ्यावर बसून झाडताना हाताला पट्टा लावता येतो, तेवढाच काय तो आधार. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये सुवर्ण जिंकलं, ते अशाच पट्ट्याच्या आधारावर.

पण याच खेळात रायफल शिकंज्यात घट्ट पकडून गोळ्या झाडण्याची पद्धतही आहे. .२२ च्या काडतुसांचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा असतो आणि कुठला लॉट आपल्या नळीला जमतो, हे शोधायला नेमबाज काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रांत जातात. तिथे रायफल शिकंज्यात बसवून एकेका लॉटचे ग्रुप काढतात. सगळ्यांत लहान ग्रुप देणारा लॉट निवडतात.

पण शिकंज्यात मिळालेला झिरो घेऊन कुणी स्पर्धेत उतरत नाही. प्रत्येक सामन्याआधी ‘सायटर’ म्हणजे गुण न धरल्या जाणाऱ्या गोळ्या झाडून झिरो पुन्हा बघितला जातो, तोही ज्या स्थितीत खेळायचं त्याच स्थितीत. म्हणजे यंत्राला विचारायचा प्रश्न यंत्राला, स्वतःला विचारायचा प्रश्न स्वतःला. शेकडो पट कमी धक्क्याच्या रायफलीसाठी जर ही शिस्त लागते, तर .३०-०६ साठी ती का नको?

मग साइट-इन करायचं कसं?

माझ्या मते हा क्रम असावा :

१. कान दोनदा झाका. आत इअरप्लग, वर इअरमफ. अर्धं दचकणं इथेच कमी होतं. डोळ्यांना चष्मा हवाच.

२. स्क्रू तपासा. स्कोपचे आणि दस्त्याचे. सैल स्क्रूवर झिरो करणं म्हणजे पाण्यावर रेघ मारणं.

३. रेस्ट वापरा, वजन बेताचं ठेवा. तो थोडा मागे सरकायला हवा. रेस्टवर डोकं नेहमीपेक्षा वेगळ्या जागी येतं. त्यामुळे डोळा स्कोपच्या फार जवळ जात नाही ना, ते पाहा. भुवईवर स्कोपची कडा बसली की टाके पडतात.

४. रेस्टवर फक्त रायफलची परीक्षा घ्या. २५ यार्ड, मग १००. दोन-तीन प्रकारची काडतुसं करून पाहा. नळी मध्ये मध्ये थंड होऊ द्या. कच्चा झिरो इथे बसवा.

५. मग रेस्ट बाजूला ठेवा. पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, दस्ता खांद्याला. ग्रुपचा मध्य सरकला असेल, तर शेवटचे क्लिक इथे द्या. खरा झिरो हा.

६. दचकणं शोधा. जोडीदाराला सांगा, काही वेळा खरं काडतूस भरून दे, काही वेळा प्रशिक्षणाचं खोटं. तुम्हाला माहीत नसावं. खोट्यावर नळी हलली, तर उत्तर मिळालं.

७. गोळ्या कमी, दिवस जास्त. एका दिवशी खांद्यावरून दहा-बारा पुरेत. बाकी वेळ रिकाम्या रायफलने चाप ओढण्याचा सराव, रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून.

८. शेवटी टेबल सोडा. रानात टेबल नसतं. बसून, गुडघ्यावर, काठीच्या आधाराने झाडून पाहा.

इतकं करूनही धक्का झेपत नसेल, तर लहान काडतुसाची रायफल घ्या. .२४३ चा धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा असतो आणि हरणासाठी ते तिथे वर्षानुवर्षं वापरलं जातं. न झेपणाऱ्या मोठ्या रायफलपेक्षा नीट लागणारी लहान रायफल केव्हाही बरी. नळीच्या तोंडाला बसवायचा मझल ब्रेकही धक्का कमी करतो, पण आवाज झाडणाऱ्याच्या आणि शेजाऱ्याच्या कानांवर जास्त आदळतो. मला तो पर्याय शेवटचा वाटतो.

एवढा खटाटोप कशासाठी?

कुणी म्हणेल, दोन-अडीच इंचांनी काय बिघडतं? हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांचा जो भाग आहे, तो साधारण आठ इंच व्यासाचा धरतात. नाश्त्याच्या कागदी प्लेटएवढा. मध्यापासून चार इंचांपर्यंत चूक झाली, तरी प्राणी लवकर मरतो. माझ्या मित्राचा ग्रुप सहा इंचांचा, म्हणजे मध्यापासून तीन इंच इकडे-तिकडे. त्यात अडीच इंच सरकलेला झिरो. बेरीज साडेपाच. म्हणजे काही गोळ्या प्लेटच्या बाहेर. तिथे लागलेली गोळी हरणाला मारत नाही. ते पाय मोडून किंवा पोट फुटून पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडतं.

शिकार करावी की नाही, हा वाद वेगळा. मला स्वतःला ती आवडत नाही आणि मी मित्राला तसं सांगितलंय. पण जो कायदेशीर परवाना काढून जाणारच आहे, त्याच्यावर एक जबाबदारी येते. आपण काय करू शकतो याबद्दल त्याने स्वतःशी खोटं बोलू नये. चार पिशव्यांच्या वजनाखाली मिळालेला एक इंचाचा ग्रुप मोबाइलच्या वॉलपेपरवर लावायला छान आहे. त्याच्या जोरावर जिवंत प्राण्यावर गोळी झाडणं मात्र अन्याय आहे.

मित्राने त्यानंतरचे तीन रविवार रेंजवर घालवले. कानांवर दुहेरी आवरण, वाळूच्या पिशव्या, दिवसाला दहा गोळ्या. तिसऱ्या रविवारी खांद्यावरून ग्रुप अडीच इंचांवर आला. तेव्हा लक्षात आलं की मध्य अजूनही दीड इंच खाली आहे. दचकणं कमी झाल्यावर उरलेला हा फरक बहुधा रेस्टचा. त्याने सहा क्लिक वर दिले.

मग त्याने टेबल सोडून, जमिनीवर बसून पाच गोळ्या एका कागदी प्लेटवर झाडल्या. १०० यार्डांवर तीनच आत लागल्या. ६० यार्डांवर पाचही.

‘यंदा ६० च्या पलीकडे झाडणार नाही,’ त्याने लिहिलं.

त्या महिन्याभरात त्याने पाठवलेल्या सगळ्या फोटोंपेक्षा मला हा मेसेज जास्त आवडला. एक इंचाचा ग्रुप रायफलचा होता. ६० यार्डांचा आकडा त्याचा स्वतःचा आहे, आणि रानात तोच कामाला येणार आहे.